विमानातली उतरंड

एकाच विमानातली दोनशे माणसे एकाच वेळी निघतात आणि एकाच वेळी पोहोचतात. तरीही विमानात आधी कोण चढणार, कोणाची बॅग पट्ट्यावर आधी येणार, विमान रद्द झाले तर पुढच्या विमानातली शेवटची जागा कोणाला मिळणार, हे बऱ्याच अंशी आधीच ठरलेले असते. काही अंशी ते तिकिटाच्या दरावर ठरते आणि काही अंशी प्रवाशाच्या नावापुढे लागलेल्या सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम अशा श्रेणीवर. विमान कंपन्यांच्या फ्रीक्वेंट फ्लायर योजनांमधली ही श्रेणी, म्हणजेच स्टेटस, मिळवण्यासाठी आणि टिकवण्यासाठी जगभरातले लाखो लोक दरवर्षी हिशेब मांडतात. पुण्याच्या आयटी कंपनीतला सल्लागार, दुबईत नोकरी करणारा रत्नागिरीकर, न्यू जर्सीत स्थायिक झालेले कुटुंब, सगळेच त्यात आहेत. हे स्टेटस मिळते कसे, टिकते कसे, त्याचे पैसे नेमके कोण मोजते आणि त्याच्या मागे लागावे का, या प्रश्नांचा हा आढावा.

स्पर्धेतून आलेली योजना

ऑक्टोबर १९७८ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष जिमी कार्टर यांनी विमानसेवा नियंत्रणमुक्त करणाऱ्या कायद्यावर सही केली. तोवर तिथे कोणत्या कंपनीने कोणत्या मार्गावर उडायचे आणि किती भाडे घ्यायचे हे सरकारी मंडळ ठरवत असे. नियंत्रण उठल्यावर भाड्याची चढाओढ सुरू झाली आणि प्रवाशाला आपल्याकडे बांधून कसे ठेवायचे हा नवा प्रश्न कंपन्यांपुढे उभा राहिला. १ मे १९८१ रोजी अमेरिकन एअरलाइन्सने 'अ‍ॅडव्हांटेज' ही योजना आणली. त्यांच्याकडे 'सेबर' ही संगणकीय आरक्षण यंत्रणा होती. तिच्या नोंदींमध्ये वारंवार दिसणारे फोन क्रमांक शोधून योजनेचे सुरुवातीचे सदस्य निवडले गेले. युनायटेडची योजना त्यानंतर काही दिवसांतच आली आणि वर्षभरात इतर मोठ्या कंपन्यांनीही तीच वाट धरली.

मूळ कल्पना साधी होती. विमानातली रिकामी खुर्ची दार बंद होताच वाया जाते. ती नेहमीच्या गिऱ्हाइकाला बक्षीस दिली तर कंपनीला फारसा खर्च येत नाही आणि गिऱ्हाईक टिकते. पण सगळ्याच कंपन्या मैल वाटू लागल्यावर मैलांचे अप्रूप संपले. मग सर्वाधिक उडणाऱ्यांना वेगळे काढून त्यांच्यासाठी वरच्या पायऱ्या तयार झाल्या. वर्षात २५ हजार मैल उडणाऱ्याला पहिली पायरी, ५० हजारांना दुसरी, ७५ हजार किंवा १ लाखाला त्याहून वरची, असा साचा अमेरिकेत अनेक वर्षे रुळला.

१९९७ च्या मे महिन्यात एअर कॅनडा, लुफ्तान्सा, एसएएस, थाई आणि युनायटेड यांनी स्टार अलायन्स ही विमान कंपन्यांची आघाडी स्थापन केली. १९९९ मध्ये वनवर्ल्ड आणि २००० मध्ये स्कायटीम आली. त्यामुळे एका कंपनीत कमावलेले स्टेटस दुसऱ्या देशातल्या दुसऱ्या कंपनीतही चालू लागले. एअर इंडियाला स्टार अलायन्समध्ये यायला जुलै २०१४ उजाडले. त्यानंतर एअर इंडियाच्या गोल्ड सदस्याला फ्रँकफर्ट किंवा सिंगापूरच्या लाउंजचे दारही उघडले.

अंतर मागे पडले, खर्च पुढे आला

या योजनांमध्ये दोन प्रकारची मोजणी चालते आणि नवख्याचा गोंधळ नेमका इथेच होतो. एक मोजणी असते खर्च करायच्या मैलांची किंवा पॉइंट्सची. त्यातून तिकीट किंवा अपग्रेड मिळते. दुसरी असते श्रेणी ठरवणारी. ते पॉइंट्स खर्चता येत नाहीत, ते फक्त मोजले जातात आणि वर्ष संपले की बहुतेक ठिकाणी पुन्हा शून्यावर येतात. बँकेच्या कार्डावरून वळवलेले मैल पहिल्या खात्यात जमा होतात, दुसऱ्यात सहसा नाही. त्यामुळे खात्यात दोन लाख मैल असलेला माणूसही सर्वात खालच्या पायरीवर असू शकतो.

गेल्या दहा-बारा वर्षांत बदल झाला आहे तो या दुसऱ्या मोजणीत. पूर्वी अंतर मोजले जाई, आता मुख्यतः खर्च मोजला जातो. मुंबई ते न्यूयॉर्क जाऊन येण्याचे अंतर साडेपंधरा हजार मैलांच्या आसपास आहे. जुन्या पद्धतीत अशा दोन फेऱ्यांत २५ हजारांची पहिली पायरी पार होत असे, तिकीट स्वस्तात मिळाले असले तरी. आता युनायटेडची सिल्व्हर श्रेणी घ्या. २०२५ साठीची अट अशी होती: १५ उड्डाणे आणि ५,००० पॉइंट्स, किंवा नुसते ६,००० पॉइंट्स. युनायटेडच्या स्वतःच्या तिकिटावर मूळ भाड्याच्या एका डॉलरला साधारण एक पॉइंट मिळतो. एका फेरीचे मूळ भाडे १,००० डॉलर धरले तर पहिल्या पायरीसाठी दोनऐवजी सहा फेऱ्या लागतात. सर्वात वरच्या जाहीर श्रेणीसाठी ६० उड्डाणे आणि २२ हजार पॉइंट्स, किंवा नुसते २८ हजार. त्याच्याही वर असलेली 'ग्लोबल सर्व्हिसेस' ही श्रेणी फक्त निमंत्रणाने मिळते.

डेल्टाने सप्टेंबर २०२३ मध्ये जाहीर केले की पुढच्या वर्षापासून मैल आणि उड्डाणे मोजली जाणार नाहीत, फक्त खर्च मोजला जाईल. सर्वोच्च श्रेणीसाठी ३५ हजार डॉलर. प्रवाशांचा संताप इतका उसळला की मुख्य कार्यकारी अधिकारी एड बॅस्टियन यांना आपण फार पुढे गेलो हे मान्य करावे लागले आणि सुमारे महिनाभरात तो आकडा २८ हजारांवर आला. खर्चावर मोजण्याचे तत्त्व मात्र कायम राहिले. ब्रिटिश एअरवेजने १ एप्रिल २०२५ पासून एका पौंडाला एक पॉइंट ही पद्धत आणली. ब्राँझसाठी ३,५००, सिल्व्हरसाठी ७,५०० आणि गोल्डसाठी २० हजार. पूर्वी हेच आकडे ३००, ६०० आणि १,५०० होते, पण ते अंतर आणि वर्गावर ठरत. त्यामुळे सवलतीच्या दरातले बिझनेस क्लासचे तिकीट शोधून स्टेटस मिळवता येत असे. तो मार्ग आता बंद झाला.

सगळ्यांनीच हे केलेले नाही. लुफ्तान्सा गटाच्या 'माइल्स अँड मोअर'ने २०२४ मध्ये तिकिटाच्या किमतीऐवजी प्रवासाचा वर्ग आणि टप्पा यांवर पॉइंट्स द्यायला सुरुवात केली. तिथे पहिल्या पायरीला ६५० आणि 'सेनेटर' या पुढच्या पायरीला २,००० पॉइंट्स लागतात, आणि त्यातले निम्मे योजनेत सामील असलेल्या कंपन्यांवरच कमवावे लागतात. सिंगापूर एअरलाइन्सच्या गोल्डसाठी ५० हजार श्रेणी-मैल लागतात आणि ते अजून अंतरावरच मोजले जातात. टर्किशच्या एलिट श्रेणीला बारा महिन्यांत ४० हजार मैल लागतात. म्हणजे एकाच स्टार अलायन्समध्ये, एकाच लाउंजपर्यंत पोहोचण्याचे रस्ते वेगवेगळ्या चढाचे आहेत.

हाती नेमके काय येते

स्टार अलायन्सच्या गोल्डचे फायदे स्पष्ट लिहिलेले आहेत: चेक-इनची वेगळी रांग, बोर्डिंगला प्राधान्य, स्वतःसोबत एका पाहुण्याला लाउंज, बॅगेला प्राधान्याचा टॅग, आणि बहुतेक कंपन्यांवर २० किलो जादा वजन किंवा एक जादा बॅग. हा शेवटचा फायदा मराठी घरांना सर्वात जास्त कळतो. मुलीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला निघालेल्या आईच्या सामानात डिंकाचे लाडू, मेतकूट, बाळाची दुपटी असे सगळे असते आणि जादा बॅगेचे शुल्क काही हजार रुपयांत जाते. पण स्टेटस व्यक्तीचे असते, कुटुंबाचे नसते. मुलगा गोल्ड असला तरी एकटी प्रवास करणाऱ्या आईला त्याचा काहीच उपयोग नाही. तिला लागणारी व्हीलचेअरची मदत कोणत्याही श्रेणीशिवाय मिळते आणि ती मिळायलाच हवी.

माझ्या मते सर्वात मोलाचा फायदा लाउंजच्या फराळात नाही, तो विस्कळीत झालेल्या दिवशी मिळतो. धुके पडले, कनेक्शन हुकले, तीनशे माणसे एकाच काउंटरवर उभी राहिली की वेगळा फोन क्रमांक आणि पर्यायी विमानात आधी जागा हीच खरी कमाई ठरते. उलट अपग्रेडचे आकर्षण ओसरत चालले आहे. अमेरिकी कंपन्या पूर्वी पुढच्या रिकाम्या जागा वरच्या श्रेणीतल्या सदस्यांना देत. आता त्याच जागा शेवटच्या क्षणापर्यंत विकल्या जातात. भारतात देशांतर्गत लाउंजचेही तसेच झाले. असंख्य बँकांच्या कार्डांवर लाउंज मिळू लागल्यावर मुंबई-दिल्लीत लाउंजबाहेरच रांगा लागल्या आणि मग बँकांनी त्या सवलतीला खर्चाची अट जोडायला सुरुवात केली.

नियमांतल्या काही विसंगती माहीत असल्या तर फायद्याच्या ठरतात. युनायटेडच्या स्वतःच्या गोल्ड सदस्याला अमेरिकेतल्या देशांतर्गत प्रवासात युनायटेडचे लाउंज मिळत नाही. एअर इंडिया किंवा सिंगापूर एअरलाइन्सचे गोल्ड असलेल्या परदेशी योजनेच्या सदस्याला त्याच प्रवासात ते मिळते. अमेरिकेत राहणारे कित्येक जाणकार प्रवासी म्हणूनच आपले मैल परदेशी कंपनीच्या खात्यात जमा करतात.

मिळवण्याचे गणित

स्टेटस मिळवण्याच्या युक्त्यांवर लोक खूप बोलतात. खरे काम मात्र चार-पाच गोष्टींचे आहे. पहिली गोष्ट, आपले मार्ग पाहून अलायन्स निवडायची. मुंबईहून युरोप-अमेरिकेला जाणाऱ्याला एअर इंडिया, लुफ्तान्सा, स्विस, टर्किश या स्टारच्या कंपन्या सोयीच्या. लंडन किंवा दोह्यामार्गे जाणाऱ्याला वनवर्ल्डमधल्या ब्रिटिश एअरवेज आणि कतार. पॅरिसमार्गे जाणाऱ्याला स्कायटीममधली एअर फ्रान्स. एमिरेट्स आणि एतिहाद या तिन्ही गटांबाहेर आहेत. त्यांचे स्टेटस मुख्यतः त्यांच्याच विमानांत चालते, पण आखातात राहून वर्षातून अनेकदा गावी येणाऱ्याला तेच सर्वात उपयोगी असू शकते.

दुसरी गोष्ट, अलायन्स ठरली तरी मैल कोणत्या योजनेत जमा करायचे हे वेगळे ठरवावे लागते. एक उड्डाण एकाच खात्यात जाते. दोन-तीन खात्यांत थोडे थोडे साठवणारा कुठेच वर चढत नाही. तिसरी गोष्ट, तिकिटावरचे बुकिंग क्लासचे अक्षर. इकॉनॉमीच्या एकाच रांगेत बसलेल्या दोघांना या अक्षरामुळे वेगवेगळे मैल मिळतात. सर्वात स्वस्त तिकिटांवर कधी कधी एकही मिळत नाही. कोडशेअरमध्ये तिकीट एका कंपनीचे आणि विमान दुसऱ्या कंपनीचे असते, तेव्हा मोजणी कोणाच्या तक्त्याने होणार हे तिकीट काढण्यापूर्वी पाहिले पाहिजे. काही योजनांमध्ये स्वतःच्या विमानांतून ठरावीक उड्डाणे करावीच लागतात. युनायटेडमध्ये ती चार आहेत.

चौथी गोष्ट खास आपल्याकडची. महाराष्ट्रातल्या अनेकांच्या पासपोर्टवर स्वतःच्या नावाला वडिलांचे किंवा पतीचे नाव जोडलेले असते, तर योजनेच्या खात्यात फक्त नाव आणि आडनाव. तिकिटावरचे आणि खात्यावरचे नाव जुळले नाही की मैल जमा होत नाहीत आणि पत्रव्यवहार सुरू होतो. खाते उघडतानाच पासपोर्टवर जसे आहे तसे नाव लिहावे, आणि मैल दिसेपर्यंत बोर्डिंग पास जपून ठेवावा.

पाचवी गोष्ट, स्टेटस मॅच. एका कंपनीचे कार्ड दाखवून स्पर्धक कंपनीकडून काही महिन्यांसाठी तशीच श्रेणी घेता येते आणि त्या काळात ठरलेली उड्डाणे केली तर ती पक्की होते. ही संधी अनेक कंपन्या आयुष्यात एकदा किंवा काही वर्षांतून एकदाच देतात. त्यामुळे जिथे लवकरच बराच प्रवास होणार आहे तिथेच ती वापरावी.

टिकवण्याचा ताण

मिळवण्यापेक्षा टिकवणे जड जाते, कारण घड्याळ दरवर्षी पुन्हा सुरू होते. काही योजना जानेवारी ते डिसेंबर मोजतात, अमेरिकन एअरलाइन्स मार्च ते फेब्रुवारी मोजते, काही योजना सदस्य झालेल्या महिन्यापासून बारा महिने धरतात. अट थोडक्यात हुकली तर काही कंपन्या एकच पायरी खाली उतरवतात, काही थेट तळाला पाठवतात. म्हणून वर्षअखेरीला नुसते आकडे भरण्यासाठी प्रवास करणारे लोक दिसतात. जायचे तिथे काही काम नसते. विमानतळावर उतरून त्याच दिवशी परत यायचे असते.

माणसे असे का करतात याचा अभ्यास झालेला आहे. जोसेफ नुनेस आणि झेव्हिए ड्रेझ या संशोधकांनी २००६ मध्ये गाडी धुण्याच्या एका केंद्रावर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. काही गिऱ्हाइकांना आठ शिक्क्यांचे कोरे कार्ड दिले. काहींना दहा शिक्क्यांचे, पण दोन शिक्के आधीच मारलेले. दोघांनाही आठच वेळा यायचे होते. पहिल्या गटातल्या १९ टक्क्यांनी कार्ड पूर्ण केले, दुसऱ्यातल्या ३४ टक्क्यांनी. वाट थोडी चालून झाली आहे असे वाटले की माणूस ती सोडत नाही. याच दोघांनी २००९ मध्ये दाखवले की उतरंडीत खाली आणखी एक श्रेणी असली की वरच्याला आपण अधिक वर आहोत असे वाटते. सिल्व्हर आहे म्हणून गोल्डला वजन येते. अ‍ॅपमधली प्रगतीची पट्टी आणि 'फक्त ४,००० पॉइंट्स बाकी' हा संदेश याच जाणिवेवर चालतो. हे कळले की निर्णय थंड डोक्याने घेता येतो.

टिकवण्याच्या नियमांत एक अन्यायही दडलेला आहे. बाळंतपणाची रजा घेणारी स्त्री, आजारपणात वर्ष घालवणारा माणूस, वृद्ध आईवडिलांची सेवा करायला घरी थांबलेली व्यक्ती, या सगळ्यांची श्रेणी गळून पडते. ऑस्ट्रेलियाची क्वांटास पालकत्वाच्या काळात श्रेणी गोठवून ठेवण्याची सोय देते. अशी सोय प्रत्येक कंपनीने द्यायला हवी. कोविडच्या काळात जगभरच्या कंपन्यांनी कोणीही न उडता श्रेण्यांची मुदत वाढवून दिली होती. म्हणजे तांत्रिक अडचण नाही, इच्छेचा प्रश्न आहे.

पैसे कोण मोजते

स्टेटस असलेल्यांपैकी फार मोठा वर्ग कामासाठी उडतो. तिकीट कंपनी काढते, श्रेणी कर्मचाऱ्याची वाढते. त्यामुळे दोन हजार रुपयांनी स्वस्त विमान समोर असतानाही आपल्या खात्याचे विमान निवडण्याचा मोह होतो, आणि तो फरक भरतो मालक. सार्वजनिक पैशाच्या बाबतीत हा प्रश्न नैतिकतेचा होतो. जर्मनीत २००२ मध्ये सरकारी प्रवासातले लुफ्तान्साचे मैल खाजगी प्रवासाला वापरल्याचे उघड झाल्यावर बर्लिन राज्याचे आर्थिक व्यवहार खाते सांभाळणारे ग्रेगोर गिझी यांनी पद सोडले. ग्रीन पक्षाचे जेम ओझदेमिर यांनाही मागे हटावे लागले. भारत सरकारचा नियम स्पष्ट आहे: सरकारी खर्चाने मिळालेले मैल सरकारी प्रवासालाच वापरायचे. अमेरिकेने मात्र २००१ च्या अखेरीस कायदा करून संघराज्याच्या कर्मचाऱ्यांना ते मैल स्वतःसाठी ठेवायची मुभा दिली. या नियमांतून मैलांचा हिशेब लागतो. श्रेणी मात्र दोन्हीकडे माणसालाच चिकटते, कारण ती परत करता येत नाही.

पण आज या योजनांना सर्वाधिक पैसा प्रवाशांकडून येत नाही, बँकांकडून येतो. बँका कार्डधारकांना वाटण्यासाठी विमान कंपन्यांकडून मैल विकत घेतात. डेल्टाला २०२४ मध्ये अमेरिकन एक्सप्रेसकडून सुमारे ७४० कोटी डॉलर मिळाले. २०२० मध्ये विमाने जमिनीवर उभी असताना युनायटेडने आपली मायलेजप्लस योजना तारण ठेवून ६८० कोटी डॉलर उभे केले. त्या वेळी योजनेचे मूल्य २,१९० कोटी डॉलर ठरवले गेले, म्हणजे शेअर बाजारात अख्ख्या कंपनीला मिळत असलेल्या किमतीहून बरेच अधिक. डेल्टाने तशाच पद्धतीने ९०० कोटी आणि अमेरिकनने १,००० कोटी उचलले. विमाने उडवणे हा जोखमीचा धंदा आणि मैल विकणे हा नफ्याचा, असे चित्र त्यातून उभे राहिले. म्हणूनच अमेरिकनच्या योजनेत आता कार्डावरच्या खर्चाचेही श्रेणीसाठीचे पॉइंट्स मिळतात; ४० हजार पॉइंट्सचे गोल्ड विमानात पाऊल न ठेवताही मिळू शकते.

भारतातला अनुभव

स्टेटस किती क्षणभंगुर असते हे मुंबईने जवळून पाहिले आहे. १९९३ मध्ये सुरू झालेली जेट एअरवेज ही इथल्या व्यावसायिक वर्गाची आवडती कंपनी होती आणि तिच्या जेट प्रिव्हिलेज योजनेचे प्लॅटिनम कार्ड प्रतिष्ठेचे मानले जाई. २०१४ मध्ये एतिहादने या योजनेच्या वेगळ्या कंपनीत १५ कोटी डॉलर देऊन ५०.१ टक्के हिस्सा घेतला. १७ एप्रिल २०१९ रोजी जेटचे शेवटचे विमान उडाले. योजना वेगळी कंपनी असल्यामुळे मैल वाचले आणि त्याच वर्षी 'इंटरमाइल्स' या नावाने खाती चालू राहिली. पण प्राधान्याची रांग, जादा वजन, अपग्रेड देणारे विमानच नव्हते. वर्षानुवर्षे सांभाळलेली श्रेणी एका दिवसात निरर्थक झाली. त्याआधी २०१२ मध्ये किंगफिशरच्या किंग क्लबच्या सदस्यांनीही हेच भोगले होते.

१२ नोव्हेंबर २०२४ रोजी विस्तारा एअर इंडियात विलीन झाली आणि क्लब विस्ताराचे सदस्य महाराजा क्लबमध्ये वळवले गेले. 'महाराजा क्लब' हे एअर इंडियाच्या जुन्या फ्लाइंग रिटर्न्स योजनेतल्या सर्वोच्च श्रेणीचे नाव होते. आता ते अख्ख्या योजनेचे झाले आहे. एप्रिल २०२४ पासून इथेही पॉइंट्स अंतराऐवजी खर्चावर मिळू लागले. सवलतीच्या तिकिटावर लांबचा प्रवास करणाऱ्या विद्यार्थ्याचे त्यात नुकसान आहे, शेवटच्या क्षणी महाग तिकीट काढणाऱ्या कंपनीच्या अधिकाऱ्याचा फायदा.

इंडिगोची गोष्ट वेगळी आणि बोलकी आहे. २००६ मध्ये सुरू झालेली ही कंपनी वेळ, भाडे आणि उड्डाणांची संख्या या बळावर देशांतर्गत बाजारातला साठ टक्क्यांहून मोठा वाटा मिळवून बसली. 'ब्लूचिप' ही योजना तिने आणली २०२४ मध्ये, म्हणजे अठरा वर्षांनी. सेवा चोख असेल तर श्रेणीशिवायही गिऱ्हाईक परत येते, याचा हा पुरावा आहे.

कायदा कोणाच्या बाजूने

हे सगळे नियम एकच पक्ष लिहितो आणि तोच बदलतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे हा प्रश्न दोनदा आला. १९९५ च्या 'अमेरिकन एअरलाइन्स विरुद्ध वोलेन्स' खटल्यात, आधी कमावलेल्या मैलांवर मागाहून बंधने घातल्याची तक्रार होती. न्यायालयाने म्हटले, कंपनीने स्वतः दिलेले वचन मोडले असेल तर करारभंगाचा दावा चालेल. २०१४ च्या 'नॉर्थवेस्ट विरुद्ध गिन्सबर्ग' खटल्यात, वारंवार तक्रारी केल्याबद्दल कंपनीने एका प्रवाशाची वरच्या श्रेणीची सदस्यताच रद्द केली होती. करारात तसा अधिकार कंपनीच्या एकतर्फी मर्जीवर ठेवलेला होता. न्यायालयाने एकमताने सांगितले की सद्भावनेने वागण्याच्या गर्भित बंधनावर आधारलेला त्याचा दावा १९७८ च्या त्याच नियंत्रणमुक्तीच्या कायद्यापुढे टिकत नाही. दोन्ही निकाल एकत्र वाचले की अर्थ निघतो: लेखी वचन असेल तर दाद आहे, पण करारात सगळे कंपनीच्या मर्जीवर सोडले असेल तर प्रवाशाच्या हाती काही नाही. स्टेटस म्हणजे मालकीचे घर नव्हे. दर अकरा महिन्यांनी मालक नव्या अटी लिहितो असे भाड्याचे घर आहे.

सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या परिवहन खात्याने अमेरिकन, डेल्टा, साउथवेस्ट आणि युनायटेड यांच्या योजनांची चौकशी सुरू केली, ती मैलांचे अवमूल्यन, लपवलेल्या किमती आणि घटलेली स्पर्धा या मुद्द्यांवर. स्पर्धेचा मुद्दा नॉर्वेने त्याच्या कितीतरी आधी ओळखला होता. मोठ्या कंपनीची योजना प्रवाशांना इतके बांधून ठेवते की नवी कंपनी उभीच राहू शकत नाही, म्हणून तिथे २००२ ते २०१३ या काळात देशांतर्गत उड्डाणांवर बोनस पॉइंट्स देण्यास बंदी होती. भारतात विमान रद्द होणे, उशीर आणि बोर्डिंग नाकारणे यांबाबत नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे (डीजीसीए) नियम आहेत. श्रेणी आणि मैल यांच्यासाठी मात्र ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हाच आधार. त्यात अनुचित कराराची व्याख्या आहे आणि अशा कराराविरुद्ध राज्य आणि राष्ट्रीय आयोगाकडे दाद मागता येते.

हवेचा हिशेब

स्टेफान गॉसलिंग आणि आंद्रेआस हम्पे यांच्या २०२० च्या अभ्यासानुसार २०१८ मध्ये जगातल्या फक्त ११ टक्के लोकांनी विमानप्रवास केला आणि व्यावसायिक विमानांच्या कार्बन उत्सर्जनातला निम्मा वाटा एक टक्का लोकांचा होता. स्टेटसच्या योजना नेमक्या याच एक टक्क्याला आणखी उडायला सांगतात. ब्रिटनच्या हवामान बदल समितीसाठी २०१९ मध्ये इम्पीरियल कॉलेजचे रिचर्ड कारमायकेल यांनी केलेल्या अहवालात, जादा उड्डाणाला उत्तेजन देणाऱ्या अशा योजनांवर बंदी घालण्याची शिफारस होती. उलट दिशेचे उदाहरण एसएएसचे. स्टार सोडून स्कायटीममध्ये आल्यावर तिने २०२४ च्या अखेरीस, तीन महिन्यांहून कमी काळात १५ वेगवेगळ्या कंपन्यांच्या विमानांतून उडणाऱ्याला दहा लाख पॉइंट्स देऊ केले आणि लोक त्यासाठी पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. पश्चिम महाराष्ट्रात महापूर आणि मराठवाड्यात दुष्काळ आलटून पालटून अनुभवणाऱ्या आपण, कामाशिवाय केलेल्या अशा प्रवासाला छंद म्हणून सोडून देऊ नये.

मग करायचे काय

ज्याला कामासाठी किंवा माणसांसाठी उडावेच लागते, त्याने स्टेटस जरूर घ्यावे. एक योजना निवडावी, नियम नीट वाचावेत आणि मिळणारे फायदे पुरेपूर वापरावेत. थकलेल्या प्रवासात एक शांत खुर्ची आणि विस्कळीत दिवशी लवकर मिळालेली जागा या खऱ्या सोयी आहेत. पण स्टेटससाठी तिकीट काढू नये. वर्षअखेरीला आकडा अपुरा पडत असेल तर पुढच्या वर्षी किती वेळा प्रवास होणार, त्यात जादा बॅग आणि लाउंज सुटे विकत घेतले तर किती पडेल, हे कागदावर मांडावे. वर्षात दोन-तीनदाच उडणाऱ्यासाठी सुटी खरेदी बहुतेक वेळा स्वस्त पडते, आणि त्याने श्रेणी न पाहता वेळ आणि भाडे पाहून विमान निवडावे. मैल साठले असतील तर वापरून टाकावेत. साठवून त्यांची किंमत वाढत नाही, घटते.

आणि मागणी करायची ती अशी. श्रेणीचे नियम बदलण्यापूर्वी पूर्ण एका वर्षाची पूर्वसूचना असावी, म्हणजे चालू वर्षाचा प्रवास ज्या नियमांवर आखला ते नियम त्या वर्षात टिकतील. श्रेणी काढून घ्यायची असेल तर लेखी कारण आणि अपिलाची सोय असावी. बाळंतपण आणि आजारपणात श्रेणी गोठवता यावी. कंपनी बुडाली किंवा विलीन झाली तर सदस्यांचे काय होणार हे योजनेत पहिल्या दिवशीच लिहिलेले असावे. जेटच्या सदस्यांना हे शेवटच्या दिवशी कळले. आज देशातले बहुतेक प्रवासी दोनच मोठ्या गटांच्या विमानांतून उडत असताना ही हमी त्या गटांच्या मर्जीवर सोडता येणार नाही. ती डीजीसीएने नियमांतच लिहायला हवी.